पांढऱ्या डबीतला नुबार

ओहान टोरोसियनचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या टेपरेकॉर्डरच्या पोटात गेलं. बुर्ज हम्मूद या आमच्या आर्मेनियन वस्तीतल्या गल्लीत, डोक्यावरच्या वायरींच्या जाळ्याखाली, एका बाजूला शिंपी आणि दुसऱ्या बाजूला चांभार, मध्ये चिमटलेलं त्याचं दुकान होतं. युद्धाच्या काळात तिथे ही गर्दी असायची. टपालाचा भरवसा नाही, टेलिफोन मेलेले. म्हणून लोक पत्रं लिहायच्याऐवजी कॅसेटमध्ये बोलायचे आणि कुवेतला, मार्सेलला जो कुणी निघाला असेल त्याच्या खिशात ती कॅसेट कोंबायचे. कॅसेट अडकली, फीत गुंडाळली गेली, की धाव ओहानकडे. पुढे कॅसेट गेल्या, रेकॉर्डर गेले, गिऱ्हाईक गेलं, ओहानच्या दोन्ही मुली कॅनडात गेल्या. ओहान आणि त्याची बायको झाबेल तेवढी मागे राहिली. भंगार कोण बरोबर नेतं, असं तो स्वतःच म्हणायचा आणि हसायचा, पण ते हसू काही खरं नव्हतं.

भंगारानेच त्याला पुन्हा धंद्याला लावलं. गल्लीच्या टोकाच्या भंगारवाल्याकडे एकदा खोकंभर पांढऱ्या डब्या आल्या. दिसायला मोबाइलच्या चार्जरचा थोरला भाऊ. थेट भिंतीच्या सॉकेटात खोचायच्या. आत मात्र अख्खा संगणक. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने त्या विकल्या होत्या: घरी लावा, डिस्क जोडा, जगात कुठूनही आपले फोटो बघा. मग कंपनीने एके दिवशी आपलं दुकान बंद केलं आणि विकत घेतलेल्या डब्या लोकांच्या घरात मुक्या झाल्या. भंगारवाल्याला वाटलं चार्जर आहेत, आणि एकही फोन चार्ज होईना म्हणून तो शिव्या घालत बसला होता. ओहानने डबी उघडली, आत डोकावला, आणि खोकंच्या खोकं घरी आणलं.

महिनाभर तो जेवणाच्या टेबलावर त्या डब्या घेऊन बसला. झाबेल भाजी चिरायला जागा मागायची, तो तिला गप्प करायचा. डबीतली कंपनीची व्यवस्था पुसायची, तिथे फुकट मिळणारी दुसरी बसवायची, मग जुनी डिस्क जोडायची, की झालं साऱ्या इमारतीसाठी एक कपाट; ज्याने त्याने आपल्या घरातून, आपल्या फोनवर उघडावं. आणि खाणं किती, तर झोपायच्या खोलीतल्या मिणमिणत्या दिव्याएवढं. हे महत्त्वाचं. आमच्याकडे सरकारी वीज म्हणजे मनात आलं तर येणारी पाहुणी, आणि जनरेटरवाल्याकडून घ्यायचे पाच अँपिअर. त्यात फ्रिज चालू असेल तर इस्त्री नाही, इस्त्री असेल तर आंघोळीचं पाणी नाही. अशा घरात चोवीस तास काही चालू ठेवायचं तर ते एवढंसंच खाणारं हवं. ओहानने एक डबी जिन्याखाली गाडीच्या बॅटरीवर लावली. सरकार गेलं, जनरेटर गेला, तरी तिचा हिरवा ठिपका जळत राहायचा.

मग त्याने गल्लीतल्या जुन्या कॅसेट मागून घेतल्या. कुणाच्या आजीचा आवाज, कुणाच्या लग्नातली गाणी, मार्सेलच्या आत्याचं रडगाणं, सगळं त्याने त्या कपाटात भरलं. झाबेल डबीला सवत म्हणायची. "मुलींना फोन करायला वेळ नाही, सवतीचा ताप मात्र दिवसातून चारदा बघतोय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. ओहान मनावर घ्यायचा नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तो सुखी होता.

तळमजल्यावर अराक्सी राहायची. सारी इमारत तिला मायरिग म्हणायची, आई. नव्वदीच्या जवळ आलेली, डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, जीभ मात्र सुरीसारखी. तिचा एकुलता एक मुलगा नुबार हा ओहानचा मित्र, एका बाकावर बसलेले दोघं. युद्धात एका सकाळी तो ब्रेड आणायला गेला, कुठल्याशा चौकीवर गाडीतून उतरवला गेला, आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. प्रेत नाही, कागद नाही, काही नाही. मायरिगने त्याच्या नावाने चर्चमध्ये कधी मृतांची प्रार्थना होऊ दिली नाही. कुणी विषय काढलाच तर ती म्हणायची, तुझ्या घरची कर आधी.

नुबारची एक कॅसेट तेवढी उरली होती. कुवेतच्या मावशीसाठी बोललेली. मावशी वारली तेव्हा तिच्या सामानातून परत आली. त्यात नुबार मावशीला सांगतोय की बूट पाठवू नकोस, बॅटऱ्या पाठव. आणि आई दाराआडून ऐकते आहे. मागून मायरिगचा तरणा आवाज येतो, "मी कशाला ऐकू? आणि स्वेटर घाल आधी!" मग नुबार हसतो. त्या हसण्यावर कॅसेट संपते. वर्षानुवर्षं रोज दुपारच्या कॉफीला म्हातारी ती ऐकायची आणि हसणं आलं की उत्तर द्यायची, हस, हस, थंडी वाजली की कळेल. ऐकून ऐकून फीत इतकी झिजली की ओहानने ती डबीत उतरवून घेतली त्याच दिवशी तिच्यावरचा तपकिरी थर भुगा होऊन रेकॉर्डरला चिकटला. नंतर वाजवून पाहिली तर नुसती खरखर. मायरिगला त्याने सांगितलं, आता काळजी नाही, आता नुबार झिजणार नाही. त्या दिवसापासून रोज दुपारी तो फोन आणि एक लहानसा स्पीकर घेऊन खाली जायचा. नुबार बोलायचा, म्हातारी ओरडायची, कॉफी व्हायची.

दोन प्रती ठेवाव्यात हे ओहानला काय ठाऊक नव्हतं? ठेवल्या होत्या. पण दुसरी डिस्क आदल्या उन्हाळ्यात मेली, आणि तोवर आमचा पैसा कागद झाला होता. डिस्क डॉलरमध्ये मिळायची आणि डॉलर कुणाकडे नव्हते. मिळेल मिळेल करत तो राहिला. त्या वर्षी सरकारी वीज दिवसातून तासभर आली तरी लोक टाळ्या वाजवायचे. जिन्याखालची बॅटरी तर पुरती बसली. आणि दुष्काळात तेरावा महिना, उरलेली डिस्क टकटक करायला लागली.

ती टकटक म्हणजे काय ते ओहानला कळत होतं. त्याने भंगारातून एक जुनी डिस्क शोधून आणली आणि डबी वर स्वयंपाकघरात नेली, कारण जनरेटरची वीज तिथल्या प्लगांच्या पट्टीवरच धड यायची. पट्टीवर झाबेलचा चार्जर, त्याचा चार्जर, रेडिओचा, कंदिलाचा, आणि त्या रांगेत ही पांढरी डबी. दोन्ही डिस्क जोडून त्याने सामान हलवायला सुरुवात केली. इथेही त्याने घाई केली. नक्कल करून मग जुनं पुसायचं, तर त्याने तिथून उचल, इथे ठेव असा हुकूम सोडला. मरायला टेकलेल्या डिस्कवर दोनदा हात कशाला फिरवायचा, असा त्याचा हिशेब.

आणि खाली कुणीतरी ओरडलं, पाणी आलं!

हे ज्याने भोगलं नाही त्याला कळायचं नाही. नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी यायचं, आणि ते असताना वीजही असली तरच पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चढवता यायचं. ती वेळ चुकली की टँकरवाल्याचे पाय धरा. म्हणून पाणी आलं म्हटलं की घराघरात एकच होतं: फ्रिज बंद, पट्टीवरचं दिसेल ते उपट, पंप चालू. चार्जर काढून अँपिअर वाचत नाहीत, हे ओहान स्वतः लोकांना समजावून दमला होता. पण हाताला कुठे समजतं? झाबेलने फ्रिज काढला, ओहानने पट्टीवरून एका दमात सगळी पांढरी खोकी उपटली, आणि पंपाचं बटण दाबलं. टाकीत पाणी पडायचा आवाज येऊ लागला, झाबेल म्हणाली, चला, मिळालं बाई. ओहानने हातातल्या खोक्यांकडे पाहिलं, तर चार्जरांत ती डबीही होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्याच्याच मुठीत होता.

पुन्हा लावल्यावर जुनी डिस्क फक्त टकटकली. नवीवर बरंचसं आलं होतं: लग्नातली गाणी, मार्सेलची आत्या, कुणाकुणाच्या आज्या. नुबारचंही नाव होतं. उघडलं तर आत काही नव्हतं. ओहानने येतील त्या सगळ्या युक्त्या केल्या, शेजारच्या डोरा भागातल्या एका कारागिराकडे डिस्क नेली. कारागिराने ती उघडून आतला ओरखडा दाखवला आणि चहा विचारला. घरी येऊन ओहान न्हाणीघरात शिरला आणि नळ सोडून रडला. झाबेलने दार वाजवलं नाही. ओझं तिच्याही उरावर होतं; पंप लाव लाव म्हणून तीच मागे लागली होती.

दुपारी खाली जायची वेळ झाली तेव्हा त्याने स्पीकर घेतला नाही. मायरिगने हात पुढे करून टेबल चाचपलं.

"आज नुबार कुठाय?"

"वीज नाही, मायरिग."

आमच्या गावात याहून खरं वाक्य नाही. कुणी उलट विचारत नाही. तिने सरकारच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि कॉफी प्यायली. दुसऱ्या दिवशी वीज नव्हती, तिसऱ्या दिवशी जनरेटरवाल्याचं डिझेल संपलं होतं, मग बॅटरी बदलायची होती, मग वायर कुरतडली गेली. झाबेल म्हणाली सांगून टाक, ती म्हातारी आहे, खुळी नाही. ओहान म्हणाला उद्या सांगतो. त्याला खरंच वाटत होतं की उद्या सांगेन. दिवस गेले तशी मायरिग कमी बोलू लागली. ती नुबारचा विषय काढीना, आणि ओहानला त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

महिना होत आला तेव्हा एका दुपारी सरकारी वीज आली आणि जाईचना. गल्लीत शिट्ट्या वाजल्या, समोरच्या बाईने सहा महिन्यांची इस्त्री काढली, कुणीतरी मोठ्याने गाणं लावलं. मायरिगच्या खोलीत तिचा जुनाट फ्रिज घरघरायला लागला. ओहान कॉफीचा कप धरून बसला होता.

"वीज आहे," मायरिग म्हणाली.

"आहे."

"मग लाव."

ओहानने कप खाली ठेवला. त्याने सगळं सांगितलं. पाणी, पंप, पट्टी, आपला हात. झाबेलचं नाव घेतलं नाही, तेवढं चांगलं केलं.  शेजारचं गाणं संपून दुसरं लागलं.

"कधीची गोष्ट?" तिने विचारलं.

"महिना झाला."

"मी पक्षाच्या कचेरीत गेले, ओहान. रेड क्रॉसमध्ये गेले. मंत्र्याच्या दारात उभी राहिले. सगळे म्हणाले, उद्या या. त्यांना ठाऊक होतं, आणि उद्या या म्हणाले. त्यांचं मी समजू शकते, त्यांची कोण होते मी?" ती थांबली. "तू माझ्या घरात जेवलायस."

 ओहानने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने तो ढकलला नाही, पण धरलाही नाही. मग ती उठली, भिंत धरत फ्रिजपाशी गेली आणि त्याची पिन काढली. खोली गप्प झाली. तिला काय ऐकायचं होतं, ओहानला कळलं नाही. थोडा वेळ ती तशीच कान देऊन उभी राहिली.

"डेर अर्शागला सांग," ती म्हणाली. "रविवारी मृतांची नावं घेतील त्यात माझ्या पोराचंही घ्या म्हणावं."

ओहान तसाच चर्चला गेला. डेर अर्शाग आमच्याच गल्लीत वाढलेला पाद्री; नुबारची हकिगत त्याला आईच्या दुधासोबत मिळालेली. नाव ऐकून त्याने क्रूसाची खूण केली, म्हणाला की देव तिला बळ देवो, शेवटी म्हातारीने मान्य केलं. मग त्याने पेन काढलं आणि हळूच विचारलं की अशा माणसाची तारीख काय घालायची. युद्धाच्या वेळची, चौकीवरची घालू का?

"नाही," ओहान म्हणाला. "गेल्या महिन्यातली घाला."