येळंबगावच्या गादीचा रिकामा कोपरा

"आमच्या गावानं राजा वाटून घेतला होता, पोरी."

मी सातवीत असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, हे वाक्य बोलले होते. मी सोलापूरच्या आमच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत हैदराबाद संस्थानाचा धडा पाठ करत होते. "वाटून म्हणजे कसं?" मी विचारलं. "वाटून म्हणजे वाटून," ते म्हणाले, आणि आपली उशी डोक्याखाली घेऊन आडवे झाले.

त्या उशीबद्दल आधीच सांगते. तान्ह्या बाळाला घ्यावी एवढीच ती आहे. अण्णा दवाखान्यात राहिले तेव्हा ती बरोबर होती, माझ्या लग्नात कार्यालयातल्या गादीवरही होती. अभ्रा ते स्वतःच्या हाताने धुतात. आतल्या खोळीची शिवण त्यांच्या आईची. येळंबगाव हे आमचं मूळ गाव सोडल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. तिचा फोटो नाही, दागिना नाही. तिच्या हातचे ते बारीक टाके तेवढे राहिलेत.

यंदा नवरात्रात अण्णांना एक फोन आला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावून दिला.

"बसाप्पा का? म्या येळंबगावची गंगाक्का. एका लग्नात तुमचं नाव कळलं, नंबर काढला. गादीचा एक कोपरा तुमच्याकडं हाय. गादी भरणाऱ्या महबूबचाचाचा खांदा धरलाय. त्याच्या हातानं एकदा तरी गादी पुरती भरू द्या."

"राँग नंबर," अण्णा म्हणाले आणि त्यांनीच बटण दाबलं. मग भिंतीकडं बघत पुटपुटले, "उशी फाडायची नाही."

मी त्याच नंबरवर गच्चीवरून फोन लावला. "मी त्यांची मुलगी. उशी नाही, पण मी येऊ का?"

"ये की," गंगाक्का म्हणाली. "गावाला काय कुलूप हाय व्हय?"

खंडेनवमी

सोलापूरहून उमरग्याला जायला एसटी सारख्या असतात. हैदराबाद रस्त्याची कोणतीही गाडी चालते. बायकांना अर्धं तिकीट. डाव्या-उजव्या बाजूचा घोळ न घालता पुढची खिडकी धरा, नळदुर्गचा किल्ला गाडीतूनही दिसतो. रस्ता चांगला आहे, पण ट्रक फार. उमरग्यात उतरल्यावर स्टँडसमोर गरम सुशीला खाल्ली. मराठवाड्याबाहेर हे नाव ऐकून लोक हसतात. भिजवलेले चुरमुरे, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची, वर लिंबू. पोटभर होते आणि चहासकट पन्नासची नोट मोडून सुट्टे परत येतात.

तिथून पुढे वडाप. जीपमध्ये माझ्या शेजारी दोन बायका कानडीत भांडत होत्या आणि मराठीत हसत होत्या. ड्रायव्हरने विचारलं, "कोणतं येळंबगाव? गादीचं का?"

"गादीचं," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, ताठ बसले.

दुतर्फा सोयाबीनची काढणी चालू होती. येळंबगावची शीव लागली तसं मात्र एक वेगळं दिसलं. जवळपास प्रत्येक बांधावर कपाशीची चार-पाच झाडं. एवढ्याशा कापसाचं काय करतात, असं मी विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "राजाला लागतो."

राजाचा वाडा बघायची हौस असेल तर या गावात येऊ नका. तो भूकंपात गेला. त्याचे दगड शाळेच्या कुंपणात आणि नाल्याच्या बांधात आहेत. एक वेस आहे, एक बारव आहे, अजून पाणी असलेली. गंगाक्का वेशीतच उभी होती. सत्तरीची, नाकात मुगबट, कमरेला किल्ल्या.

"ऊट आतेनव्वा?" तिने विचारलं. जेवलीस का, असा अर्थ. मी हो म्हणाले, तरी तिने भाकरी, शेंगाचटणी आणि वाटीभर दही पुढे ठेवलं. राहायला लॉज नाही. कुणाच्याही घरी राहा, पण आधी कळवा, आणि पैसे पुढे करू नका. मी केले. गंगाक्काने नोटेकडे असं बघितलं की मी ती गुपचूप पर्समध्ये टाकली.

दुपारी महादेवाच्या देवळापुढच्या मंडपात गेलो. प्रत्येक घरातून कुणीतरी येत होतं, कुणी उशी घेऊन, कुणी छोटी गादी, एकजण तर सायकलच्या सीटवरची गादी घेऊन. तिथेच टाके उसवायचे आणि कापूस मोठ्या चादरीवर टाकायचा. वर बांधावरच्या झाडांची चिमूटभर नवी बोंडं. मधोमध महबूबचाचा, ऐंशी ओलांडलेले पिंजारी, धनुष्यासारखं पिंजण घेऊन बसलेले. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी दस्त्याचा ठोका पडला की सगळा मंडप गुणगुणायचा आणि कापूस फुलून वर उडायचा. दर थोड्या वेळाने ते थांबून उजवा खांदा दाबत.

"तुमचा मुलगा नाही का पिंजत?" मी विचारलं.

"त्याचं उमरग्यात गाद्यांचं दुकान हाय. मशीन हाय. मशीनला काय, कुणाचाबी कापूस द्या, पिंजतंय." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "नाक बसाप्पाच्या घरचं दिसतंय."

"त्यांचीच मुलगी."

"हात मोकळेच?"

"मोकळेच, चाचा."

त्यांनी पुन्हा पिंजण उचललं. रागावले नाहीत.

गोष्ट मला संध्याकाळी गंगाक्काच्या ओसरीवर मिळाली. चाचा चहाला आले होते. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत सांगत होती.

राज्य म्हणजे पाच गावांचं. वर निजाम, खाली हे राजे. गादीला मखमल वगैरे काही नाही, मांजरपाटाची खोळ. पण रीत अशी की गादीत भरायचा कापूस प्रत्येक घरातून यायचा, कुणब्याच्या, वाण्याच्या, महारवाड्यातल्या, मोमीनांच्या. सगळ्यांच्या कापसावर बसायचं आणि सगळ्यांचा न्याय करायचा. पिंजाऱ्याने भरून झाली की आधी स्वतः बसून बघायची. राजा दुसरा.

"म्हणजे राजाच्या आधी पिंजारी?" मी विचारलं.

"मग? टोचलं तर राजाला टोचावं का?" चाचा म्हणाले. "आमच्या अब्बाचं ढुंगण राज्यात मोठं."

"तुमचं बी काय लहान न्हाय," गंगाक्का म्हणाली.

चाळीसच्या दशकात शेवटचे राजे वारले. मूल नव्हतं. हैदराबादेहून हुकूम आला, वारस नाही म्हणून गादी सरकारजमा. तहसीलदार जवान घेऊन निघाल्याची बातमी त्याच्या आधी गावात पोचली. चाचांच्या वडिलांनी देवळात सगळ्यांना बोलावलं, खोळीचे टाके उसवले आणि म्हणाले, आपापला कापूस घ्या. कापूस पिंजून एकजीव झालेला. कुणाचा कोणता हे कसं कळणार? ज्याच्या मुठीत जो आला तो त्याचा.

तहसीलदार आला. त्याला रिकामी खोळ दिली. तो म्हणाला, गादी कुठंय? लोक म्हणाले, ही काय. जवानांनी घरोघर गोधड्या उचकटल्या. प्रत्येक घरात कापूस होताच. त्यातला राजाचा कोणता?

"तुझ्या आज्जीनं काय केलं माहिती हाय का?" गंगाक्का पुढे सरकली. "पोर तान्हं. रातीत त्याला उशी शिवली, त्यात कापूस भरला, अन् पोर वर निजवलं. जवान आला. पोर असं रडलं, असं रडलं, की त्यो बिचारा म्हणाला, निजवा निजवा, अन् गेला."

मी चहाचा कप खाली ठेवला. रोज रात्री आमच्या घरात एक म्हातारा माणूस त्या उशीवर डोकं ठेवतो. त्या रात्रीचा पहारा त्याने अजून सोडलेला नाही, असं मला वाटलं.

"खोळ हैदराबादला गेली," चाचा हसत म्हणाले. "राज्य हितंच ऱ्हायलं."

त्यानंतरची वर्षं वाईट आली. रझाकारांच्या भीतीच्या एका रात्री अण्णांचे आईवडील पोर आणि उशी घेऊन सोलापूरच्या दिशेने निघाले. पुढे निजामाचं राज्य गेलं आणि भीतीची बाजू पालटली, आता मुसलमानांची घरं घाबरली. चाचांचे वडील बिऱ्हाड बांधत होते, तेव्हा गाव दारात येऊन उभं राहिलं. "तू गेल्यावर गादीवर पहिलं कोण बसंल?" एवढंच विचारलं. ते राहिले. हे सांगताना चाचांची मान वर होती.

दसरा

सकाळी वेशीला तोरण, चुलीवर हुग्गी. गहू, गूळ, खोबरं, वर तुपाची धार. सोनं लुटायच्या आधी गादी. नवी पांढरी खोळ भरून चौथऱ्यावर ठेवली होती. मी बघितलं, तीन कोपरे टच्च, चौथा खोळीसकट खाली बसलेला.

चाचा पागोटं बांधून आले, चपला काढल्या आणि गादीवर बसले. एकदा डावीकडे झुकले, एकदा उजवीकडे. मग मोठ्याने म्हणाले,

"एक कोपरा रिकामा!"

आणि सगळं गाव, म्हातारे, पोरं, डोईवर पदर घेतलेल्या सुना, एका आवाजात ओरडलं,

"घर लांब हाय, येतंय!"

 मी गंगाक्काकडे वळले. "हे दर वर्षी?"

"म्या लगीन होऊन आले तवापासून ऐकते. माज्या सासूनं बी हेच सांगितलं."

आमच्या घरी ज्या गावाचं नाव निघत नव्हतं, त्या गावात दर दसऱ्याला आमची वाट बघत होते. मध्यंतरी एका हौशी सरपंचाने दुकानातून कापूस आणून तो कोपरा भरला होता म्हणे. गावाने गादी परत उसवली, त्या कोपऱ्यातला नवा कापूस त्याच्या घरी पोचता केला आणि बाकीचा सगळा पुन्हा पिंजायला लावला.  भूकंपात घरं पडली तेव्हाही ढिगाऱ्यातून भांड्यांआधी उशा शोधल्या. आणि तो कोपरा तसाच ठेवला.

चाचांनंतर प्रत्येक घरातलं एकेक माणूस गादीवर बसतं. बसेल तो राजा, आणि राजाने एक हुकूम द्यायचा. दिवस मावळेपर्यंत तो पाळायचा. एका सुनेने सासूला फर्मावलं, "आज चहा तुमी करायचा, अन् साखर म्या सांगन तेवढी." सासू म्हणाली, "उद्या बघते तुला." लोक हसून लोळले. एका आजोबांनी दोन भावांना एका ताटात जेवायचा हुकूम दिला. दोघं एकमेकांकडे न बघता ताटावर जाऊन बसले. काही वेळाने एकाने दुसऱ्याकडे लोणचं सरकवलेलं मी पाहिलं.

मलाही बसावंसं वाटलं. इतकं, की मी चौथऱ्याची पायरी चढले. चाचांनी हात आडवा धरला.

"बेटी, कापूस न्हाय तर बसता येत न्हाय."

"तिला एकदा बसू दे की," कुणीतरी म्हणालं.

"राजाची रीत हाय. एका साली माझं पोर कापूस न आणता आलं, त्याला बी न्हाय सुटली." मग आवाज खाली आणून ते मला म्हणाले, "कोपऱ्याला हात लाव. त्यो तुमचाच हाय."

मी त्या खोलगट कोपऱ्यावर तळवा ठेवला. खोळीचं कापड उन्हाने तापलं होतं. मला अपमान वाटला नाही. उलट मला ते गाव फार मोठं वाटलं. मी पाहुणी म्हणून त्यांनी नियम वाकवला असता, तर तो कोपरा इतकी वर्षं माझ्यासाठी राखला गेलाच नसता.

एकादशी

दुसऱ्या दिवशी गादी उसवून वाटणी झाली. ज्याच्या मुठीत जो कापूस. पुढच्या वर्षापर्यंत राजा पुन्हा घरोघरी. चाचा दस्ता फडक्यात गुंडाळत होते.

"औंदा कसंबसं पिंजलं," ते म्हणाले. "पुढच्या साली खांदा वर जाईल का न्हाय, अल्ला जाणे. अब्बा बोलायचे, गादी पुरी भरून एकदा बसायचंय. त्यांचं ऱ्हायलं."

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. गंगाक्काने आपट्याची पानं आणि डब्यात हुग्गी दिली. वडापमध्ये मी डबा मांडीवर धरून बसले. उमरग्याहून सोलापूरची गाडी लगेच मिळाली. नळदुर्ग कधी गेलं कळलं नाही.

सोलापूर

अण्णांनी हुग्गी चमच्याने थोडी थोडी खाल्ली. मी सगळं सांगितलं. ते मान हलवत होते, ऐकू येतंय की नाही कळेना. मग एकच प्रश्न विचारला, "पिंजारी अजून पहिला बसतो?"

"बसतो. आणि एक कोपरा रिकामा म्हणतो. आणि गाव म्हणतं, घर लांब हाय, येतंय."

त्यांचा चमचा थांबला. "दर वर्षी म्हणतात?"

"दर वर्षी."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंदच म्हणेन. इतकी वर्षं लपवलेली एखादी गोष्ट मानाची निघाल्याचा. मग हात पुसून ते आडवे झाले, आणि दोन्ही हातांनी उशी डोक्याखाली घट्ट केली.

त्या उशीत दोन गोष्टी आहेत, हे आता मला कळलंय. कापूस गावाचा आहे. टाके त्यांच्या आईचे आहेत. एक द्यायचा तर दुसरे उसवावे लागतात, आणि ते कुणी कुणाला सांगावं असं काम नाही. अण्णा चुकलेत, असं मी म्हणणार नाही. महबूबचाचांचा खांदाही मला दिसतो.

हे लिखाण मी उद्या त्यांना कानाशी बसून मोठ्याने वाचून दाखवणार आहे. उत्तर मला माहीत आहे. ते भिंतीकडे वळून "फाडायची नाही" म्हणतील. तरी विचारते.

अण्णा, पुढच्या दसऱ्याला माझ्याबरोबर येळंबगावला चला. कात्री मी घेणार नाही. खंडेनवमीला मंडपात बसून टाके तुम्हीच उसवा, एकेक, हळूहळू. दोरा न तोडता मी तो बोटाला गुंडाळत जाईन. एकादशीला तुमच्या मुठीत येईल तो कापूस घ्या, आणि त्याच दोऱ्याने मला ती उशी शिवू द्या.