नंबर बाईंचा, बोट माझं

"मी नाही हात लावणार त्याला. माशांचा वास दिवसभर जात नाही मग. तूच दाब."

असं म्हणून बाईंनी कार्ड माझ्या पाटीच्या कडेवर टाकलं आणि चार आकडे मोठ्याने सांगितले. बोळिंजच्या त्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर, वॉचमनच्या आणि इतर गिऱ्हाइकांच्या देखत. मी हात पदराला पुसले. कार्ड मशीनमध्ये घातलं. आकडे दाबले. पावती निघाली, ती बाईंनी नखांच्या टोकांत धरून नेली.

वर्षभर हे असंच चाललं. दर रविवारी.

मी चौथी शिकले. पाचूबंदरला लिलावात माल उचलायचा, टेम्पोने बोळिंजला आणायचा, गेटवर बसायचं. लोक रोख देईनात म्हणून सुनेने बँकेतून कार्डाचं मशीन आणून दिलं. तळहाताएवढं, बिनवायरीचं. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "आये, रक्कम आपन टाकायची. नंबर गिऱ्हाइकानं दाबायचा, तेव्हा आपन तोंड फिरवायचं. आनि मशीन नजरेआड जाऊ द्यायचं नाय."

सगळ्यांशी मी तसंच वागत होते. या बाईंपुढे मात्र गप्प बसले. एवढ्या मोठ्या घरची बाई आपला नंबर सांगते, मला वाटायचं, विश्वास आहे. चूक माझीच. विश्वास असता तर कार्ड हातात दिलं असतं.

मग एका रविवारी पाटी खाली ठेवते न ठेवते तोच सोसायटीचे सेक्रेटरी आले. मागे बाई. त्यांच्या खात्यातून मोठी रक्कम गेली होती.

"नंबर हिलाच माहीत आहे. दर रविवारी दाबते ना."

"तुमीच सांगितला," मी म्हटलं.

"वर तोंड करून बोलतेस? चोर कुठली!"

सेक्रेटरींनी वॉचमनला माझी पिशवी उलटी करायला लावली. चष्मा, पानाचा बटवा, रक्तदाबाच्या गोळ्या, जुन्या पावत्या, सगळं फरशीवर. लोक पोराबाळांना घेऊन खाली आलेले. वॉचमन एरवी मला मावशी म्हणतो. त्या दिवशी त्याने मान वर केली नाही. कमरेत कळ येत होती, तरी एकेक वस्तू मी वाकून उचलली. दुसरं कोणी वाकलं नाही.

सेक्रेटरींनी हात पुढे केला. "मशीन दे इकडे. चौकशी होईपर्यंत ऑफिसात राहील."

खरं सांगते, मी द्यायला निघाले होते. जन्मभर तेच केलं. सरक म्हटलं की सरकले, भाव पाडला की दिला. पण मशीन पुढे करताना मनात आलं, हे माझ्या खात्याला जोडलेलं. यांच्या ऑफिसात यावर कोणी काही उलटंसुलटं केलं, तर तेही माझ्याच माथी.

हात मागे घेतला.

"नाय देनार. मशीन माज्या नावाचं हाय. बँकेत चला, पोलिसांत चला. मी येते. पन मशीन माज्याच हातात राहील."

"मग उद्यापासून इथे बसायचं नाही."

"बसनार. रस्ता तुमच्या बापाचा नाय."

बँकेत कोणी गेलं नाही. तीन दिवसांनी वॉचमनने सांगितलं, रक्कम बाईंच्या नवऱ्यानेच काढली होती, नव्या गाडीसाठी. घरात सांगायचं राहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी बाई आल्या. कोळंबीचा वाटा निवडला. "जाऊ दे गं मावशी, गैरसमज झाला," म्हणाल्या आणि आकडे बोलायला तोंड उघडलं.

"नंबर बोलू नका, बाई." मी मशीन त्यांच्यापुढे धरलं. "तुमीच दाबा."

"अगं, वास येतो त्याला!"

"येनारच. मासे इकते मी, अत्तर नाय."

बाई कोळंबी टाकून गेल्या. त्यांचं बघून आणखी दोघी यायच्या थांबल्या. सून म्हणते, "आये, गिऱ्हाईक तुटतंय." तुटू दे. गुडघे गेले, डोळे जात चाललेत. आणखी किती वर्षं बसवेल ठाऊक नाही. पण बसेन तोवर ज्याचं कार्ड, त्यानेच नंबर दाबायचा. मी तोंड फिरवीन. आणि पुन्हा कोणी माझी पिशवी उलटी केली, तर मी वाकणार नाही. ज्याने सांडलं, त्याने खाली बसून भरायचं. भरून होईपर्यंत मी समोर उभी राहीन.