डब्यातली काळी चार

माझ्या मोठ्या जाऊबाईंना आमची सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हणते. त्या गातात आणि मी पेटी वाजवते, हे मी लग्न होऊन बंगळुरात येलहंक्याला आले त्या वर्षीच ठरून गेलं. माझं माहेर मिरजेचं, पेटीही तिथलीच. अक्कांची गाण्याची पट्टी काळी चार. पेटीवर काळ्या पट्ट्या दोनच्या आणि तीनच्या जुडग्यांत असतात. डावीकडून मोजत गेलं की तीनच्या जुडग्यातली मधली ती चौथी. अक्का नुसत्या मान हलवायच्या आणि माझं बोट तिथे जायचं. आमच्या नवऱ्यांचं, म्हणजे सख्ख्या भावांचं, एकमेकांशी इतकं कधी जमलं नाही.

मग वरच्या मजल्यावर ती पुण्याची पोर भाड्याने राहायला आली. आयटीतली. पहिल्याच आठवड्यात जिन्यात अक्कांचं गाणं ऐकून थांबली, आणि दुसऱ्या आठवड्यात काखेत एक डबा घेऊन आमच्या दारात हजर. आल्या आल्या त्यांना 'अक्का' म्हणाली आणि मला 'काकू'. मी त्यांच्याहून सात वर्षांनी लहान आहे, हे इथे नोंदवून ठेवते.

"काकू, हा सिंथ आहे, सिंथेसायझर. हायब्रिड. म्हणजे आवाज डिजिटल तयार होतो, पण फिल्टर खरा अ‍ॅनालॉग. असले आधी फक्त स्टुडिओवाल्यांनाच परवडायचे. आता आपल्यासारख्यांच्या बजेटमध्ये आलेत."

'आपल्यासारख्या' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. डबा पोळपाटाहून थोडा लांब, वर बटणंच बटणं, पट्ट्या अगदी बारीक आणि मोजक्याच. मला वाटलं, खेळणं आहे, नव्याचे नऊ दिवस. तिने एक पट्टी दाबून ठेवली आणि एक बटण हळूहळू फिरवलं. बंद खोलीत कोंडलेला आवाज दार उघडल्यासारखा मोकळा होत गेला. भाता हलवायला नको, दम लागायला नको. अक्का त्या बटणाकडे टक लावून बघत राहिल्या. माझ्या पेटीकडे त्यांनी असं कधी पाहिलं होतं का, हेच मी आठवत बसले.

"स्वल्प परत फिरव की गं," अक्का म्हणाल्या.

तिने फिरवलं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

खरं सांगते, मी जळले. ती पोर यायची तेव्हा अक्का कॉफीत साखर स्वतः घालायच्या, मला मात्र "तुझी तू घे" म्हणायच्या. ती ताल चुकली तर अक्का हसायच्या. मी चुकत नाही, त्यामुळे माझ्यावर हसायची वेळ त्यांच्यावर आली नाही. मंडळाच्या गणपतीतला गाण्याचा कार्यक्रम जवळ येत होता, आणि स्टेजवर अक्कांच्या उजव्या हाताला कोण बसणार, हा प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात उभा राहिला होता. बोलून कुणी दाखवत नव्हतं एवढंच.

एका रविवारी दुपारी तिघी बसलो होतो. पोरीने विचारलं, "अक्का, स्केल कुठली?"

"काळी चार."

पोरीने डावीकडून एक, दोन, तीन, चार मोजलं आणि पट्टी धरली. मीही पेटी उघडतच होते, तेवढ्यात अक्कांनी भजन उचललं.

आता मला कबूल करायला जड जातं, पण अक्का त्या दिवशी गायल्या. अंतऱ्यातला जो वरचा सूर त्या दोन वर्षं नुसता शिवून खाली यायच्या, त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज फाटला नाही, थरथरला नाही. पोरीचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मला एवढंच दिसत होतं की माझ्या पेटीवर जे झालं नाही ते त्या प्लॅस्टिकच्या डब्यावर झालं.

मला राहवलं नाही. मी भाता ओढला आणि काळी चार धरली. खोलीत असा काही कलकलाट झाला की पोरीने दचकून बोट उचललं.

"काकू, तुमची पेटी आऊट ऑफ ट्यून आहे का?"

मिरजेची पेटी! मी ताडकन उठले.

"राहू दे गं," अक्का घाईघाईने म्हणाल्या. "पेटी बंद कर. आज नको."

पण मी डब्यावर वाकले होते. पट्ट्या कमी बसवल्या होत्या म्हणून की काय, तो डबा आमच्या पेटीसारखा दोनच्या जुडग्यापासून सुरू होत नव्हता. डाव्या टोकाला एक काळी पट्टी एकटीच उभी होती, आणि जुडगी तिच्यानंतर. पोरीने त्या एकटीपासून मोजायला सुरुवात केली होती. तिची चौथी म्हणजे तीनच्या जुडग्यातली पहिली.

"ही काळी चार नव्हे!" मी म्हणाले. इतका आनंद मला किती तरी दिवसांत झाला नव्हता. "ही काळी तीन! पूर्ण एक सूर खाली! जुडगी बघून मोजायचं असतं बाई, पहिली दिसेल तिथून नाही. पाळण्यातल्या पोरालाही कळेल."

पोर गोरीमोरी झाली. "सॉरी अक्का. मी एका बटणात वर घेते, एक सेकंद."

"नको," अक्का म्हणाल्या. "आहे तिथेच असू दे. तू आत जाऊन कॉफी टाक बघू."

ती आत गेली. अक्का सतरंजीची कड सारखी करत बसल्या. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, बरं झालं तू होतीस.

"मला पहिल्या सुरालाच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलला नाहीत?"

"दोन वर्षं झाली, मला काळी चार झेपत नाही."

"अहो, मग मला सांगायचं! मी तीनला धरली असती. मला काय कठीण आहे?"

"धरली असतीस की. कुरकूर न करता धरली असतीस." त्यांनी वर पाहिलं. "आणि रोज धरताना तुला ठाऊक असतं की अक्का उतरली. ह्या पोरीला काही ठाऊकच नव्हतं. तिच्यासमोर मी नुसती गायले."

आत स्टीलचे पेले वाजत होते, आणि त्या पोरीचं काही एक न कळणं हा मला तिच्याकडचा सगळ्यात मोठा गुण वाटू लागला. तो मला कुठल्याही दुकानात मिळणार नव्हता.

कार्यक्रमाला अक्कांच्या उजव्या हाताला ती बसली. मी दुसऱ्या रांगेत, नवी साडी नेसून, हात मांडीवर ठेवून. तो वरचा सूर आला, अक्का त्यावर थांबल्या, आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. शेजारी मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या बाई होत्या. त्या माझ्या कानाशी लागल्या. "तू आज पेटीवर नाहीस ते? असो. पण काय गं, ह्या वयात अजून काळी चारलाच गातात ना?"

स्टेजवर अक्कांनी मान हलवली, आणि त्या पोरीने बटण फिरवलं.

"हो," मी म्हणाले. "काळी चारच."