माटोळी आणणारी चंद्रावती मावशी

उद्या चवथ, आणि गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची माटोळी अजून अर्धीच भरली होती. तोरिंगाची फळं आणि नारळ बांधून झाले होते. सुविधा स्टुलावर उभी राहून सुपारीचा घड बांधत होती, तेवढ्यात शेजारची प्रज्योतची आई दारात आली.

"यंदा रानातली कांगलं कमीशी दिसतात गो. तुमची ती सामान आणणारी बाई आली नाही?"

सुविधाच्या हातातली गाठ सुटली.

ती बाई म्हणजे चंद्रावती मावशी, सुविधाच्या आईची थोरली बहीण. मये गावची मुलगी, सर्वणला दिली. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पोटी मूल नाही. दिराच्या माडा-पोफळींच्या कुळागरात सुपाऱ्या सोलून, वायंगणाचं भात लावून तिने दिवस काढले. सुविधाची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा पाच वर्षांच्या भाचीला ती कडेवर घेऊन गेली. न्हाऊमाखू घालणारी तीच, डिचोलीच्या शाळेपर्यंत चालत सोडणारी तीच. भाचीच्या लग्नात मात्र मांडवामागे उभी राहिली. विधवेने पुढे यायचं नसतं, हे कुणी सांगायची तिने वाट पाहिली नाही.

लग्नानंतरची पहिली चवथ. सासूबाई आत नेवऱ्या तळत होत्या, नवरा परेश मूर्ती आणायला गेलेला, बाहेर पणजीचे पाहुणे आणि प्रज्योतची आई. मावशी रानातून थेट आली: डोकीवर भारा, लुगडं गुडघ्यापर्यंत, पाय चिखलाने भरलेले. कुणीतरी विचारलं, "ही कोण?" आणि सुविधा बोलून गेली, "माटोळीचं सामान आणते ती बाई."

मावशीने ऐकलं. भारा उतरवला आणि परक्या घरी बोलावं तसं म्हणाली, "बायो, आनी काय लागला तर सांग. सकाळी आनून दितंय."

पुढे अठ्ठावीस वर्षं ती मागच्या दारानेच आली. "मावशी, पुढून या हो," सासूबाई म्हणत. "पाय चिखलाचे माझे," ती हसून सांगे. दर चवथीला सुविधा ठरवी, यंदा पाया पडून माफी मागायची. रोज पोथी वाचणारी तिची जीभ एवढ्या एका वाक्याला वळली नाही. वैशाखात मावशी गेली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

"वारली ती," सुविधा म्हणाली. आता गप्प बसणं सोपं होतं. "पण बाई नव्हती, वैनी. माझी सख्खी मावशी. मला तिनेच वाढवलं. मी तेव्हा खोटं सांगितलं."

प्रज्योतची आई उंबरठा ओलांडून आत आली.

"अगो, मग माझं सामान ती का आणत होती?"

"तुमचं?"

"त्याच दिवशी मी तिला म्हटलं, बाई, आमचंही आणशील? तेव्हापासून दरवर्षी. आधी माझ्या मागच्या दारी टाकायची, मग तुझ्याकडे. एकदा कांगलं किडकी म्हणून मी तिला परत रानात पाठवली. गेली बिचारी." तिने पदर तोंडाला लावला. "ही सुविधा तुझी कोण असं विचारलं, तर म्हणायची, त्या घरात माझा जुना राबता."

सुविधा स्टुलावरून उतरली. भाचीचा शब्द खोटा पडू नये म्हणून म्हातारीने दरवर्षी दोन भारे वाहिले होते. देवाच्या रिकाम्या चौरंगाकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

"फोटो तरी आहे का गो तिचा घरात?" प्रज्योतच्या आईने विचारलं.

नव्हता. एकही नव्हता.

सुविधाने चपला घातल्या. अकराची बस धरून सर्वणला जायचं होतं, मावशीच्या पुतण्याकडे, सगुणकडे, तिचा एक फोटो मागायला.