मधल्या पाण्यातला मिथेन

"सॅम्पल घाण आहे," सर म्हणाले. "वरच्या पाण्यात मिथेन कुठून येणार?"

मी अंबरनाथच्या एका लॅबमध्ये केमिस्ट होते. बदलापूरकडच्या एका धरणाच्या मध्यावरून दर आठवड्याला वरचं पाणी यायचं. मिथेन वायू तयार होतो तो तळाच्या चिखलात, जिथे ऑक्सिजन नसतो. वर ऑक्सिजन भरपूर, तिथे तो बनतच नाही, असं आम्ही कॉलेजात शिकलो होतो. आमच्या बाटल्यांत मात्र तो लागोपाठ तीनदा सापडला.

बाटल्या भरायचे लहूदादा. धरणाशेजारच्या वाडीतले, रोजंदारीवर होते. होडी बांबूने ढकलत. मीच सरांना सांगितलं, बांबूने चिखल ढवळला जातो आणि गॅस वर येतो.

लहूदादांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्याडम, मदी बांबू तलाला लागतच नाय. तिथं आमी वल्हं मारतो."

मी मान डोलावली आणि रिपोर्टमध्ये बांबूच लिहिला. होडीत मी कधी बसलेच नव्हते. मला पाण्याची भीती वाटते. आइसबॉक्स घेऊन काठावर उभी राहायचे.

लहूदादांचं काम बंद झालं. नवा माणूस आला, तो फक्त वल्ह्यानेच होडी न्यायचा. मिथेन होता तेवढाच.

मग जीव मुठीत धरून मी होडीत बसले. मध्यावर बांबू पाण्यात सोडला. कोपरापर्यंत हात बुडाला तरी तळ लागला नाही. वरचं पाणी बाटल्यांत भरलं, झाकणं घट्ट लावून लॅबमध्ये ठेवलं. काही दिवसांनी तपासलं. पाण्यात ऑक्सिजन होता, चिखलाचा कण नव्हता, आणि मिथेन वाढला होता.

मग शोधून वाचलं. पाण्यात फॉस्फरस कमी पडला की काही जिवाणू फॉस्फरस असलेलं एक संयुग फोडतात. फॉस्फरस स्वतःला ठेवतात, उरलेला भाग मिथेन होऊन बाहेर पडतो. ऑक्सिजन असला तरी.

"सर, रिपोर्ट बदलायला हवा. आणि लहूदादांना परत घ्यायला हवं."

"रिपोर्ट बदला. माणूस कशाला? नवा नीट करतोय की."

मी वाडीवर गेले. घरी त्यांची बायको होती. "भट्टीवर गेलेत, विटा पाडाया," ती म्हणाली. "लई लागलं त्यांना. म्हनत व्हते, येवढी वर्सं पानी भरलं, नि चिखल मना कलत नाय का?"

मला तिच्याकडे बघवेना.

आता नव्या केमिस्टना मी एवढंच सांगते, ज्या होडीत बसला नाहीत तिच्याबद्दल रिपोर्टमध्ये लिहू नका. ते हसतात. लहूदादा पुन्हा धरणावर आले नाहीत.