टँकरच्या रांगेतला वर्ग

आत्यांच्या कानामागं कायम खडूचा तुकडा असायचा, सुतार पेन्सिल खोचतो तसा. वाटेत कुणी विचारलं, "आत्या, आज काय शिकवणार?" की म्हणायच्या, "मी काय शिकविते माय! टँकर शिकवायलाय."

जळकोटजवळच्या एका खेड्यातलं प्रौढ शिक्षण केंद्र त्या चालवायच्या. शिक्षण चौथी. निम्मं आयुष्य उदगीरच्या मोंढ्यात धान्य निवडण्यात गेलेलं. लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता, दुष्काळ होता, आणि मी नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. होऊन त्या भागातल्या केंद्रांचा पर्यवेक्षक झालो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्याचा अभिमान मला आजही आहे. सारं गाव त्यांना आत्या म्हणायचं, मी मात्र "बाई" म्हणायचो. त्या बौद्ध, मीही बौद्ध. आमच्याकडं त्या वयाच्या बाईला आत्याच म्हणतात. पण साहेबानं आत्या कसं म्हणायचं?

वर्ग कागदोपत्री बुद्धवाड्यातल्या समाजमंदिरात होता. तिथं गावातल्या बाया पाऊल टाकत नव्हत्या. टँकरपुढं मात्र सगळ्यांनाच तास-दोन तास ताटकळावं लागायचं. आत्यांनी फळा उचलला आणि रांगेत नेला. रांग कसली, रेटारेटी. मळेवाल्यांच्या घागरी आधी, बुद्धवाड्याच्या शेवटी, तोवर टँकर खडखडीत. आत्यांनी तोड काढली. जी आधी येईल तिच्या घागरीवर आधीचा आकडा.

पण आत्यांनी लिहायचं म्हणजे गावातल्या घागरींना हात लावायचा. बाया मागं सरकल्या. आत्या हसल्या. "मी हात लावला तर घागर पुन्ना घासाल. घासायला पानी कुठंय? घ्या खडू, तुमीच लिवा." लिहिता कुणाला येत होतं? मग आत्या मातीत आकडा काढायच्या, बाया तो बघून घागरीवर गिरवायच्या. अशी लिहिती झाली ती रांग.

मळ्यातल्या काकू म्हणून एक होत्या, मोठ्या शेतीवाल्या. त्या एकदा आकडा पडलेली घागर घेऊन थेट पुढं घुसल्या. आत्या म्हणाल्या, "काकू, घागरीवर काय लिवलंय तेवढं वाचा, आन् खुशाल पुढं व्हा." काकूंचा चेहरा लाल. बाया पदराआड हसल्या. दोन दिवस काकूंनी गडी पाठवला. तिसऱ्या दिवशी स्वतः आल्या, घागरीवर बोट ठेवून म्हणाल्या, "एक इसा वर सात. सत्तावीस. व्हय ना गं?" आणि आपल्या जागेवर, बुद्धवाड्यातल्या एका पोरीच्या मागं, उभ्या राहिल्या.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तरी मी म्हणालो, "बाई, खडू केंद्राचा आहे, घागरींवर लिहायला नाही. आणि हे इसा-बिसा, विसाविसानं मोजणं बंद करा. जिल्हा नवा, पद्धत नवी. वर्ग खोलीत भरवा, पुस्तकातून."

त्या म्हणाल्या, "बदल करा की साहेब, कोन न्हाई म्हनतंय? पर आदी बाया कुठं हायेत ते बघा, मग खोली उघडा."

लातूरहून अधिकारी यायचे ठरले तेव्हा मी समाजमंदिर झाडून घेतलं, बायांना ओळीत बसवलं. त्या दिवशी गावातल्याही बाया आल्या, काकूसुद्धा. आत्यांनी घरोघर जाऊन आणल्या होत्या, माझी लाज राखायला. अधिकारी फळ्याकडं वळले आणि टँकरचा भोंगा वाजला. क्षणात खोली रिकामी. अधिकारी माझ्याकडं पाहू लागले.

आत्या धावत आल्या. "वर्ग उठला न्हाई साहेब, तिकडं गेला. चला, दावते." शंभर पावलांवर होती रांग. मी "चला" म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "सर, या बाई चौथी पास आहेत. सांगितलेलं ऐकत नाहीत."

अहवालही मीच लिहिला. सुंदर अक्षरात.

महिन्याभरात आत्यांना काढल्याचा आदेश आला. तो द्यायला मी गेलो. आत्यांनी तो माझ्यासमोरच वाचला, बोट फिरवत, न अडखळता. खाली माझ्या शिफारशीचा उल्लेख होता. तिथं बोट थांबलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "मग उद्या आकडे कोन घालून देनार?" मी म्हणालो, "दहावी पास मुलगा नेमलाय," आणि फळा-खडू ताब्यात घेतला. तो मुलगा ठरल्या वेळी समाजमंदिर उघडायचा आणि एकटा बसायचा. माझ्या नोंदीत तो वर्ग "नियमित" होता.

पुन्हा त्या गावाला गेलो ते भर उन्हात, सायकलवरून. टँकर नुकताच रिकामा झाला होता. घागरींवर एकही आकडा नव्हता. मळेवाल्यांच्या बाया भरल्या घागरी घेऊन निघाल्या होत्या. काकूही होत्या, सगळ्यात पुढं. बुद्धवाड्याच्या बाया टँकरच्या तळाचं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरत होत्या. त्यांत आत्या. मी मान खाली घालून पायडल मारलं.

"आवो साहेब!" त्यांनीच हाक मारली. "उनाचं कुठं निघालाव? थांबा की." पाव घागरसुद्धा भरली नव्हती त्यांची. तिच्यातलं वाटीभर पाणी त्यांनी पदरानं गाळून माझ्यापुढं धरलं. "घ्या. तोंड सुकून गेलंय लेकराचं."

नको म्हणायला हवं होतं. माफी मागायला हवी होती. आत्या म्हणून हाक तरी मारायला हवी होती.

मी पाणी प्यालो, वाटी परत दिली आणि सायकलवर बसलो.