उजवा कौल

जानकी परबच्या हाताला चटका लागत नाही, याचं जोगेश्वरीच्या त्या बैठ्या चाळीत कोण कौतुक! तवा उतरवायचा तर बाकीच्या बायका फडकं शोधत बसत. जानकी नुसत्या उजव्या हाताने कड धरून तो बाजूला ठेवी, फुगलेली भाकरी निखाऱ्यावरून बोटांनी उचली. गावाकडचे सहा जण तिच्याकडे दोन वेळ जेवायला असत, सगळे गिरण्या-कारखान्यांत राबणारे. ते म्हणत, "वैनीच्या हातार देवी प्रसन्न आसा." शेजारची सुगंधावैनी तर नव्या सुनांना तिच्या चुलीपाशी आणून बसवी, की बघा गो, हात सरावणं म्हणजे काय ते. आपण माणसं अशीच. दुखणं उंबऱ्यात येऊन उभं राहिलं, तरी आधी त्याचं कौतुक करून घेतो.

जानकी तेव्हा छत्तीस वर्षांची. कणकवलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. नवरा दत्ताराम आधी गिरणीत, मग अंधेरीला काचेच्या कारखान्यात. एक मुलगी, माणिक, नऊ वर्षांची. जानकीला लिहितावाचता येत नव्हतं, पण हसता असं यायचं की चार खोल्या पलीकडे पाळण्यातलं पोर जागं व्हायचं. त्या हसण्यावरून दोनदा भांडणंही झाली होती.

वर्षभरापूर्वी ते हसणं बंद पडलं. हसलं, खोकलं, शिंक आली की मानेच्या वर, केस संपतात तिथे, पाचर ठोकल्यासारखी कळ यायची आणि डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून ती हसेना. दत्तारामला वाटलं, आपल्यावर रागावली. आपलं काय चुकलं ते त्याने आठवून पाहिलं आणि नवराच तो, त्याला चार-पाच गोष्टी लगेच सापडल्या. त्या त्याने सुधारल्याही. कळ काही गेली नाही.

मग एका दुपारी भाकऱ्या करता करता जानकी म्हणाली, "कायतरी करपता." तिने तव्यावरची भाकरी उलटून पाहिली. भाकरी चांगली होती. तिचा उजवा तळवा तव्याच्या कडेला टेकलेला होता आणि वास त्याचा येत होता.

तिने हात उचलून पाहिला. कातडी पांढरी पडून वर आली होती. दुखत काही नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. तिच्या माहेरच्या गावाबाहेर खोपटात धाकू म्हणून एक जण राहायचा. बोटं झडलेला. पोरं त्याला बिडी द्यायची आणि तो हाताने निखारा उचलून ती पेटवून दाखवायचा. जानकीने लहानपणी ते पाहिलं होतं आणि रात्री आईला चिकटून झोपली होती. आता तिला धाकू आठवला. महारोग. आपल्या हातचं सहा माणसं जेवतात, पोटची पोर जेवते! तीन दिवस तिने हात पदराखाली लपवला, डाव्या हाताने वाढलं. डाव्या हाताने वाढलेलं बघून दत्तारामने चौथ्या दिवशी पदर ओढलाच.

अंधेरीच्या डॉक्टरांनी टाचणीने टोचून पाहिलं, गरम-गार पाण्याच्या बाटल्या हाताला लावून पाहिल्या आणि चिठ्ठी देऊन शहरातल्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे बावीस दिवस गेले. पाठीत सुई घालून औषध सोडलं, टेबलावर बांधून डोकं खाली पाय वर केले, फोटो काढले. शेवटी एका तरुण डॉक्टरने येऊन सांगितलं, "बाई, महारोग नाही तुम्हाला." जानकीने तिथल्या तिथे हात जोडून देवाला नारळ बोलला. तो आनंद मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत टिकला.

मोठे डॉक्टर कमी बोलणारे आणि आडपडदा न ठेवणारे होते. ते म्हणाले, "कवटीत मागच्या बाजूला जागा कमी आहे. जन्मापासूनच असणार. म्हणून मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत सरकलाय. तिथे दाब येतो, आणि मणक्यातल्या दोरीत पाणी साठतं. किआरी म्हणतात याला. औषध नाही. मागचं थोडं हाड कापायचं आणि जागा करून द्यायची."

"डोक्याचा हाड?" दत्तारामने विचारलं.

"डोक्याचं."

"आणि नाय कापला तर?"

"उजव्या हाताचं कळणं गेलंय. मग डाव्याचं जाईल. नंतर गिळणं, श्वास. कधी ते मी सांगू शकत नाही, पण वाट बघत बसू नका. पंधरा दिवसांनी, बुधवारी खाट देतो."

दत्तारामने धीर करून विचारलं, "सायबानू, अशी किती केलात तुमी?"

"दोन," डॉक्टर म्हणाले. "एक बाई आपल्या पायांनी घरी गेली."

दुसरीचं काय, हे विचारायचं धाडस दोघांपैकी कुणालाच झालं नाही. दत्तारामने कागदाच्या कपट्यावर 'किआरी' एवढं लिहून घेतलं आणि दोघं गुपचूप बाहेर पडली.

चाळीत ही बातमी पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. दत्तारामने सुगंधावैनीला सांगितलं की मेंदू सरकलाय. संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की जानकीचं डोकं सरकलंय. बायका येऊन तिच्याशी हळू आवाजात, पोराशी बोलावं तशा बोलू लागल्या. एकीने तर तिला स्वतःचं नाव विचारलं. एरवी जानकी यावर दोन दिवस हसली असती.

आता ती फक्त भीत होती. भीती एकच नव्हती. पहिली भीती केसांची होती. डोकं भादरतील, कपाळावर कुंकू आणि डोक्याचा गोटा, सवाष्ण बाईने आरशात कसं बघायचं? मग सुरीची. सुरी एवढीशी चुकली आणि माणिकचं नावच आठवेनासं झालं तर? मग टेबलावरून परत न येण्याची. आणि या सगळ्या भीतींच्या मागे दुसरी भीती बसलेली होती, काहीच न करता घरी राहण्याची. पाणी पिताना आताशा ठसका लागून ते नाकातून यायचं. तेवढा वेळ श्वास अडकायचा आणि तिला डॉक्टरांचा शब्द ऐकू यायचा. ती दिवसातून दहादा डाव्या हाताने मानेमागे चाचपायची, जणू तो सरकलेला भाग बोटाला लागेल.

रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापलं की ती त्यात डाव्या हाताची बोटं बुडवून बघे. चटका बसला की "लागला" म्हणे आणि मग दिवसाला सुरुवात करी. चटका बसल्यावर जिवाला बरं वाटणारी मुंबईत ती एकटीच बाई असावी.

दत्तारामचं डोकं चालेना. शेवटी त्याच्या घराण्यात पेच पडला की जे करत तेच त्याने केलं. गावी थोरल्या भावाला, सहदेवला, पत्र लिहिलं की ग्रामदेवाला कौल लाव. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. परबांच्या घरातली लग्नं, विहिरीची जागा, खुद्द दत्तारामचं मुंबईला येणं, सगळं त्या कळ्यांनी ठरवलं होतं. पत्र पेटीत टाकून आला तेव्हा दत्तारामचा चेहरा कित्येक दिवसांनी सैल झालेला दिसला. जानकीलाही बरं वाटलं. निदान ठरवायचं काम आपल्या गळ्यातून उतरलं.

तेराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, पोस्टकार्ड आलं. दत्ताराम पाळी संपवून नुकताच घरी आला होता. त्याने उभ्याउभ्याच मोठ्याने वाचलं. "चिरंजीव दत्ताराम यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. तू लिहिल्याप्रमाणे गुरवाकडून देवास कौल लावला. उजवा कौल झाला. चिंता नसावी." उरलेल्या जागेत तांबडी गाय व्याल्याचं आणि कुंपणाच्या भांडणाचं होतं.

"उजवो!" दत्ताराम ओरडला. सुगंधावैनी साखर घेऊन धावली. देवाने हो म्हटलं, आता भिऊ नको गो बाय, म्हणून तिने जानकीच्या तोंडात साखर घातली. दत्तारामने फळीवरची ट्रंक खाली काढली आणि जानकीची लुगडी भरायला घेतली.

जानकी चुलीपाशी बसून होती. साखर अजून जिभेवर होती. तिने विचारलं, "पत्रात काय इचारलात तुमी?"

"ताच. ऑपरेशनाचा."

"पण काय लिवलात? जसाच्या तसा सांगा."

दत्ताराम आठवून म्हणाला, "लिवलंय की, ऑपरेशन करावे की करू नये, ते देवास विचारून कळवावे."

बोलता बोलताच त्याचा हात लुगड्यावर थांबला. सुगंधावैनीने एकदा त्याच्याकडे, एकदा जानकीकडे पाहिलं आणि साखरेची वाटी घेऊन ती हळूच बाहेर सटकली.

देवाने हो म्हटलं होतं. कशाला, ते देवालाच माहीत. गुरवाने करावं का म्हणून विचारलं असेल तर करावं. करू नये का म्हणून विचारलं असेल तर करू नये. सहदेवने कार्डावर गाईच्या वासराचा रंगसुद्धा लिहिला होता, तेवढं मात्र लिहिलं नव्हतं. खाट परवाची. तार केली तरी ती त्या आडगावी पोचून उलट उत्तर यायला आठवडा जाणार. नव्याने कौल लावावा, तर तेही नाही. एकदा दिलेला कौल देवाला पुन्हा विचारत नाहीत.

जानकीला हसू फुटलं. वर्षभर दाबून ठेवलेलं, चार खोल्या पलीकडे जाणारं हसू. "देवान हो म्हटल्यान, पण कशाक?" एवढं म्हणेपर्यंत मानेत कळ घुसली आणि ती दोन्ही हातांनी डोकं धरून जमिनीवर आडवी झाली. दत्ताराम तिच्याजवळ बसून रडू लागला.

कळ ओसरल्यावर तिने विचारलं, "तुमका काय वाटता? करूचा की नको?"

"माका इचारू नको," तो म्हणाला. "मी कर म्हटलंय आणि तू गेलंस तर? मी जन्मभर काय करू? म्हणान तर देवाक इचारलंय."

जानकीला त्याचा राग आला आणि लगेच कीवही आली. हा माणूस आपल्याइतकाच भ्यालाय. देवापाशी उत्तर मागायला नव्हे, दोष ठेवायला जागा मागायला गेला होता. आणि खरं सांगायचं तर आपणही त्याच्या मागोमाग तिथेच गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापलं. जानकीने डाव्या हाताची बोटं बुडवली. अंगठ्याला लागलं. पहिल्या बोटाला, मधल्याला, त्याच्या शेजारच्याला लागलं. करंगळीला काही लागलं नाही. तिने हात काढला, पदराने पुसला, पुन्हा नुसती करंगळी बुडवून धरली. ती लाल झाली. लागलं नाही. जानकी मोरीतच खाली बसली. मग ती उठली आणि दत्तारामला म्हणाली, "उद्या जावया. उजव्याचा काय ता देवान सांगल्यान. डाव्याचा मी सांगतंय."

बुधवारी मोठ्या डॉक्टरांपुढे ती उभी राहिली. तिने शहरी मराठीत विचारलं, घोकून आलेली होती. "ती दुसरी बाई. तिचं काय झालं?"

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "चौथ्या दिवशी गेली," ते म्हणाले.

जानकीने पुढचं विचारलं. "आणि पहिली? तिच्या हाताला चटका लागतो आता?"

"नाही. गेलेलं बहुतेक परत येत नाही, बाई. राहिलेलं राखता येतं. तेही मी खात्रीने सांगत नाही."

"राहिलेला राखा," जानकी म्हणाली.

नर्सने फॉर्म आणला. दत्तारामने सही केली. नवऱ्याची सही पुरे, असं नर्स म्हणाली. पण डोकं माझं आहे, माझाही अंगठा घ्या, म्हणून जानकी अडून बसली. नर्सने शाईची डबी उघडली आणि जवळचा होता तो तिचा उजवा हात धरला. तळव्यावर तव्याचा वण होता. जानकीने तो सोडवून घेतला आणि डावा हात पुढे केला.

"ह्यो घेवा. ह्येका कळता."

नर्सने डावा अंगठा शाईवर दाबला. जानकीने डोळे मिटले होते.

"थंड आसा," ती दत्तारामला म्हणाली. "शाई थंड आसा हो."